डायल

हूमा गावात, टायरच्या दुकानाशेजारी
आम्ही एक खोली घेतली होती एका संध्याकाळीपुरती.
नऊ खुर्च्या, नऊ डायल, कोळंबीची सँडविचेस
आणि एका भिंतीभर आरसा.
आरशामागे माणसं बसलीत, हे नवांनाही ठाऊक होतं.
तरी एकानं त्यात पाहून केस सारखे केले.

माणसांचं पाणी जोखणं हा आमचा धंदा.
मी शब्द वाचायचा.
आवडला तर त्यांनी डायल उजवीकडे फिरवायची,
नावडला तर डावीकडे.
माणशी पंचाहत्तर डॉलर, रोख.

'हवामानबदल' म्हटलं
आणि आरशामागच्या पडद्यावर रेघ
पायरी चुकल्यासारखी खाली आली.
'समुद्राची पातळी' : थोडी वर, कुरकुरत.
'कार्बन'ला आल्सीड पित्रनं डायल इतकी पिळली
की तिची मूठच त्याच्या हातात आली.
तीस वर्षं त्यानं समुद्रातल्या तेलविहिरींवर
वेल्डिंग केलेलं.
"सॉरी," म्हणाला, आणि ती मूठ परत बसवू लागला
मन लावून, हलक्या बोटांनी.
'आपली जीवनपद्धती' : एक्क्याण्णव.

युलाली बिलिओनं डायलला हातच लावला नव्हता.
तिची रेघ पन्नासवर, सरळ,
वारा पडलेल्या खाडीसारखी.
म्हटलं, बाई, यंत्र बिघडलंय का?
ती म्हणाली,
"सर्व संतांच्या दिवशी आम्ही थडग्यांना चुना लावतो.
यंदा होडीनं गेलो.
भावानं वल्ह्यानं चाचपून
बाबांचा क्रूस शोधला.
चुन्याचा डबा तसाच परत आणला.
याला तुमच्या यादीत काय म्हणतात?"

यादी माझ्या हातात होती.
मी ती खालपर्यंत वाचली.

दाराच्या फटीतून चिठ्ठी आली:
'बाई चांगली आहे. पाणी वगळून पुन्हा सांगेल का?'

या परगण्याला तेरबॉन म्हणतात.
जुन्या फ्रेंचांनी ठेवलेलं नाव. अर्थ : चांगली जमीन.

तो आलेख आम्ही दोनदा विकला.
करारात तशी बंदी नव्हती.
पुढच्या ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये
दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले,
वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे,
आणि दोघांनी मिळून अकरा वेळा म्हटलं,
'आपली जीवनपद्धती'.
मी मोजत होतो, मागच्या बाकावर, सवयीनं.
लोक तावातावानं भांडले, घसे बसेपर्यंत.
पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.
एकानं ग्लासातलं प्यायलं, तेवढंच.
बास्केटबॉलच्या खांबाला, कमरेच्या उंचीवर,
मागल्या वादळाची तपकिरी रेघ होती.
तीही सरळ.

मग विमा कंपनीची पत्रं आली.
मी तीनशे मैल वर राहतो, मलाही आलं.
'पुराचा धोका वाढल्यामुळे
आपल्या पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही.'
ना विशेषण, ना झेंडा.
एकही शब्द त्यांनी कुणावर जोखून पाहिला नव्हता.
पत्र हातात धरून मी अंगठ्यानं
काहीतरी फिरवायला शोधत राहिलो.

त्या रात्री जुनी टेप ऐकली.
मी आभार मानतो, पाकिटं वाटतो,
खुर्च्या सरकतात.
मग, माइकपासून लांब, आल्सीडचा आवाज :
"क्रूस लोखंडी आहे का?"
"हो."
"सोमवारी येतो. पाइप जोडून देतो,
चार फूट. नाही, सहाच करू."
ती काही बोलत नाही.
सँडविचचा कागद चुरगळतो.

डायल तेव्हा बंद होत्या.