लाट जिथं जुळत नाही

बापट कॅम्पात संक्रांतीची सुगडं वाळत होती,
फळीवर, पायरीवर, बंद पडलेल्या लुनाच्या सीटवर.
मी अक्काताई वडणगेकरांना कागद दाखवला:
माझ्याच हातची रेखाटनं, कुणाच्या तरी प्रबंधासाठी,
खापरामागं साठ रुपये दरानं काढलेली.
लांबच्या बर्फाच्या मुलखातली मडकी, म्हटलं,
बारा-तेराशे वर्षांपूर्वीची, स्लाव लोकांची.
"कुंभारांची," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसला.

ओलं बोट कागदावर फिरू लागलं, डाग पाडत.
"वळ्या रचून उभं केलंय. आतनं बघ, शिवण राहिलीया.
हे ठिपकं म्हंजे दगूड, कुटून घातलाय मातीत.
आमी लीद घालतो.
चुलीवर तडकू नये, एवढंच दोघांचं म्हणणं."

खांद्याखाली नागमोडी रेषा, फणीनं ओढलेली.
मी ती तीन दिवस मोजपट्टी लावून काढली होती.
त्यांनी एका दमात वाचली:
"चाक हातानं फिरवलंय. हितं जोर. हितं मंदावलं.
आन् हितं फेरा पुरा झाला,
पन लाट लाटेला मिळाली न्हाई.
कुणीतरी हाक मारली असणार.
न्हाईतर दूध उतू गेलं असंल."

तळाला वर्तुळात फुली, उठावाची.
प्रबंधात तिच्यावर अकरा पानं आहेत:
मालकाची खूण, की कारागिराची, की देवाची.
त्यांनी एवढंच विचारलं, "बाईमाणूस का गडी?"
"ठरत नाही अजून," मी म्हटलं.

त्या गप्प बसल्या.
चाळीस वर्षं माती चाळली, तुडवली, गेरू लावला.
चाकाला हात लावायचा नाही,
हे सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
पुढं चाकाला मोटर बसली,
ते सांगणं मात्र उठलं नाही.

कोनाड्यातनं फणी काढली त्यांनी,
निळी, तेलकट, सातच दाते उरलेली,
पांढरा केस अडकलेली. तो तसाच राहू दिला.
मोटरीचं बटण दाबलं नाही.
डाव्या हातानं चाक ढकललं,
पोरानं अर्धं टाकून गेलेल्या सुगडावर
फणी टेकवली.

लाट चढली, उतरली, चढली.
गल्लीतनं कुणी ओरडलं, "अक्काताई, पाणी आलंय!"
त्यांनी मान वर केली नाही.
फेरा पुरा झाला. बोटभर अंतर राहिलंच.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "आता हे मोज."
मी मोजलं.
सात दाते, आठ रेषा.