पत्र्यावर मावलं तेवढं

सहा बाय चारचा पत्रा, पांढऱ्याचे दोन हात.
अक्षराला दोन रुपये, बाणाचे पाच.
पंचायतीत ठरलं : हिलाल पेंटर,
तापीतल्या बेटाची माहिती लिही,
लोक आता गाड्या घेऊन यायला लागलेत.

कधी यावं : दिवाळी सरल्यावर, होळीच्या आत.
पुढं वाळूवर भाकर भाजून निघते,
हे सुपडू भोयाचं वाक्य. सदस्यांनी खोडलं.
माणसं भ्यायला नकोत म्हणे.

कसं यावं : चोपड्याहून एस्टी, फाट्यावर उतरायचं,
जळक्या निंबापासून खाली, केळीच्या बागांमधून.
केळी तोडू नये.
(ही ओळ ठळक. जास्तीचा रंग दगा आप्पांच्या खर्चानं.)

होडी : माणशी वीस, जाऊन-येऊन.
सुपडू जाताना पैसे घेत नाही.
"माणूस परत उना, तवय काम व्हयनं."
हे मला लिहायचंच होतं.
अक्षरं मोजली, आणि राहू दिलं.

पोहणं : काठाकडच्या अंगाला गुडघाभर.
धारेच्या अंगाला किती, ते सुपडूलाही ठाऊक नाही.
त्याची बारा हातांची बल्ली तिथं टेकत नाही.
मी लिहिलं, 'खोल.'
चार रुपयांत याहून जास्त भीती घालता येत नाही.

भोंगा : वरच्या धरणाचं दार उघडलं की वाजतो.
वारा उलटा असला तर इथवर येत नाही.
तेव्हा केशरबाई काठावर उभी राहून
लाल लुगडं हलवते.
लाल दिसलं की उठायचं,
चपला राहिल्या तर राहू द्यायच्या.

जेवण : सकाळी नऊच्या आत सांगावं.
कळण्याची भाकर, भरीत, जाळ्यात आले तर मासे.
तिखट कमी करून मिळणार नाही.

पूर्वेच्या टोकाला जाऊ नये.
तिथं सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो,
आणि ती अंडी अगदी खड्यांसारखी.
पाय पडल्यावरच कळतं, खडा नव्हता.

नकाशा तीनदा काढला.
बेट एका जागी राहत नाही, दर पुरात थोडं सरकतं,
गेल्या साली निमुळतं होतं, औंदा पसरट, पोटात वाकलेलं.
खाली बारीक लिहिलं : याच वर्षापुरता.

सरपंच कोकिळाताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
बायांची सोय कुठं आहे, ते आधी लिहा.
सदस्य पंख्याकडं बघत बसले.
मग म्हणाले, जागा नाही.
जागा होती.
तिथं 'आपले नम्र' आणि खाली अकरा नावं बसायची होती.

पहिल्या रविवारी जळगावहून एक बाई आल्या,
सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी.
पाटी वरून खाली वाचली,
परत वरून खाली.
नकाशावर बोट फिरवलं,
बाणांच्या मागं मागं गेल्या.
मी डबे धूत होतो, मला वाटलं, अक्षर आवडलं.
मग केशरबाईजवळ जाऊन हळूच काही विचारलं,
आणि तिनं हातातलं पीठ तसंच ठेवून
दोघींना घरामागं नेलं.

संध्याकाळी ब्रश काढला.
अकरा नावांना हात लावायची माझी छाती नाही.
कोपऱ्यात माझं होतं, 'पेंटर हिलाल', वळणदार, पिवळ्या सावलीचं,
त्यावर पांढरा फिरवला
आणि वाळल्यावर लिहिलं :
बायांसाठी आडोसा केशरबाईच्या घरामागं.
पाणी भरलेलं असतं. पैसे नाहीत.

अक्षरांचे धरले नाहीत.
बाणाचे पाच तेवढे मागणार आहे.

सुपडू होडी बांधून वर आला, अंधारात पाटीला नाक लावून उभा.
वाचता येत नाही त्याला.
तरी म्हणाला, इथं तुझं पिवळं होतं ना?
म्हटलं, होतं.
जूनमध्ये पाटी उपटायची आहे, म्हणाला,
खांब फार खोल पुरू नको.