उलट गेला तर वजा

अंजनाच्या एकट्या झाडापासून
वैजापूरकडच्या टॉवरपर्यंत
आभाळात एक रेघ आहे असं समजायचं.
ती ओलांडून सातपुड्याकडे गेला, तो मोजायचा.
उलट गेला तर वजा.
भिरूड सरांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं
आणि डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा.

मी एकवीस वर्षं चोपड्यात पतसंस्थेची रोखपाल.
ओल्या स्पंजाला बोट लावून
गावाचे पैसे मोजले.
मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही
आणि बाहेर जमलेल्यांना
तेवढं माझंच तोंड ओळखीचं होतं.
त्यानंतर बरेच दिवस मी काहीच मोजलं नाही,
कुकरच्या शिट्यासुद्धा.

सात वाजता शून्य.
आठला शून्य.
शून्यही लिहायचं असतं, सर म्हणतात.
रिकामी चौकट म्हणजे तुम्ही आलाच नव्हता.
शून्य म्हणजे तुम्ही होता, पाखरू नव्हतं.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर...
जाऊ दे.

नऊनंतर काळी जमीन तापते.
हवा उठते ती दिसत नाही,
पण पऱ्हाटीचं वाळकं पान गरगरत वर जातं
आणि खाली यायचं विसरतं.
रेमसिंग पावरा दुर्बीण मागत नाही,
नुसती हनुवटी वर करतो.
तिथे बघावं तर काहीच नाही.
मग त्या काहीच-नाहीला पंख फुटतात.

भोवत्या. नर.
राखेच्या रंगाचा, टोकं शाईत बुडवलेली.
मागून दोन माद्या, तपकिरी,
शेपटीच्या मुळाशी पांढरी पट्टी.
पांढुरका की माँटेग्यूचा? कोमल विचारते,
जिचा उद्या भूगोलाचा पेपर आहे.
सर डोळे बारीक करतात, बोलत नाहीत.
तक्त्यात त्यालाही रकाना आहे:
भोवत्या, नक्की नाही.
आमच्या वह्यांत असा रकाना नव्हता.
तिथे सगळं नक्की होतं, पैशा-पैशापर्यंत.

शेळ्या घेऊन एक म्हातारा थांबला.
काय मोजी राहिनी वं माय?
म्हटलं, पाखरं.
कोना शेतस?
मला उत्तर आलं नाही.
रेमसिंग हसला. पलीकडे पाड्यावर
भोंगऱ्याच्या बाजारासाठी कुणी ढोल तापवत होतं.

अकरा दहा. एकाच वाफेत सव्वीस गरुड.
जिना नसलेल्या जिन्यावरून
एकही पंख न हलवता.
यंत्राचं बटण अडकलं, मी बोटांवर धरले,
पेरापेरावर, सासू जपायची तसे.
सव्वीस रेघेपलीकडे गेले.
आणि एक वळला.
डाव्या पंखात एक पीस कमी, मधोमध फट,
आमच्या डोक्यावरून खाली खाली.

शेवटच्या शुक्रवारी डगूबाई बारी
काउंटरवरून गेली होती, आणि परत आली होती.
काढून घेऊ का गं? कानावर काहीबाही येतंय.
मी म्हटलं, राहू द्या मावशी,
व्याज बुडेल.
ती गेली.
मला खरंच माहीत नव्हतं.
हे मी तिला दोनदा सांगितलं, वकिलाला एकदा.

पेन्सिल हातात होती.
सव्वीस वजा एक.
पंचवीस लिहिलं, खाडाखोड न करता.

मग तो अंजनावर बसला.
बरोबर रेघेच्या टोकाला,
अलीकडे ना पलीकडे,
चोचीने ती फट विंचरत.
सर, याचं काय करायचं?
सरांनी नियमांचा कागद पुढून पाहिला, मागून पाहिला.
बसलेल्याचं काही दिलेलं नाही, म्हणाले.

उन्हं उतरली. सतरंजी गुंडाळली.
तो होता तिथेच.
चला ना मावशी, कोमल म्हणाली,
माझे नकाशे राहिलेत.
तू हो पुढे, म्हटलं.
अजून थोडा उजेड आहे.