करवंटीची पाळी

वहीत लिहिते: वैशाख, दुसरा सोमवार.
वाकणीला पाणी घोट्याएवढं.
वरची वाडी सात करवंट्या, मधली पाच,
खाडीकडची...
इथे पेन थांबतं.

भोक पाडलेली करवंटी घंगाळात सोडायची.
ती बुडली की पाळी संपली,
या पाटाचं तोंड चिखलाने लिंपायचं, पुढचं उघडायचं.
घड्याळं सगळ्यांच्या मनगटावर आहेत,
प्रत्येकाचं वेगळं.

काल यशवंती मयेकर म्हणाली,
“बुडूक उशीर लावता गो ही.”
उलटी करून पाहिली.
भोकाच्या कडेला फणसाचा चीक, वाळलेला.
यंदा फणस धरलाय तो
फक्त आमच्या परड्यात.

मी घरच्यांकडे पाहिलं नाही.
कुणी बोललंही नाही.
मुसा होडेकर खालून बाटली घेऊन आला होता,
त्याच्या विहिरीची.
“चाखा,” एवढंच म्हणाला.
बाटली हातोहात फिरली. यशवंती थुंकली.
नदी दमली की खाडी
न विचारता वर येते.

मग लिहिलं: वरची वाडी सहा.
खाडीकडे एक.
ती एक कुणाच्या पोफळीला नाही,
नुसती पात्रातून खाली जायची,
खाऱ्याला उंबऱ्यापलीकडे ठेवायला.
“नदीचं पाणी नदीलाच?” मागून कुणीतरी.
“होय. सही करा.”

रात्री त्या पाळीला मीच बसले बांधावर.
पाणी जाताना दिसत नव्हतं,
दगडांत नुसतं कुजबुजत होतं.
नवरा आला, शेजारी टेकला,
कोयतीने नवी करवंटी तासत राहिला बराच वेळ.
मग माझ्या हातात दिली.
“भोक तू पाड.”