विदा कोबाल खोटा माणूस पुसते

मारिबोरमध्ये, द्रावा नदीच्या अंगाला,
तिसऱ्या मजल्यावर विदा कोबाल राहते.
एकतीस वर्षं तिने रेल्वेची वेळापत्रकं लावली,
आता रात्री विश्वकोशातली माणसं तपासते.
(विदा हे तिकडे साधं बाईचं नाव.
आपल्याकडे संगणकवाले माहितीच्या ढिगाला विदा म्हणतात,
हे तिला कुणीतरी सांगायला हवं.)

आज तिच्यापुढे अलोयझ प्रेलोग.
घड्याळजी, वनस्पतींचा अभ्यासक, थोडाफार कवी.
जन्म १८४१. मृत्यू १९०२, न्यूमोनियाने.
अकरा वर्षं तो इथे सुखाने नांदतोय.
सहा भाषांत त्याचं भाषांतर झालंय,
एका शाळेने बागेतल्या वाफ्याला त्याचं नाव दिलंय.

विदा अडखळली ती एका ओळीवर:
‘१८७९च्या हिवाळ्यात तो रेल्वेने त्या खोऱ्यात उतरला.’
रेल्वेने?
त्या खोऱ्यात रूळ पोचायला
अजून सत्तावीस वर्षं होती.
तिने चहा ओतून घेतला. तो तसाच गार झाला.

मग एक टाका निघाला आणि सदरा उसवत गेला.
संदर्भ तीन: ग्राझमध्ये छापलेलं पुस्तक,
जे ग्राझच्या एकाही ग्रंथालयात नाही.
संदर्भ चार, तिसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभा.
संदर्भ पाच, एका वर्तमानपत्राचा रविवारचा अंक,
रविवारी ते निघतच नसे.
फोटोतली मिशी लिंझच्या एका खाटकाची.

पण खरं सांगायचं तर वास तिला आधीच आला होता.
फार नीटनेटका होता गडी.
खऱ्या माणसाच्या आयुष्यात
चार-पाच वर्षं तरी अशी निघतात
की तो कुठे होता, काय खात होता, कुणाला पत्ता नसतो.
बायकोचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी असतं.
कुणाचे तरी पैसे बुडवलेले असतात.
प्रेलोग कुणाचं दमडीचं देणं लागत नव्हता.
त्याची कधी दाढ दुखली नव्हती.

तरी ती लगेच कळ दाबत नाही.
तीन वर्षांपूर्वी हा उत्साह अंगाशी आला होता.
इद्रियाची एक लेस विणणारी, फ्रान्चिश्का.
संदर्भ नाही, तारखा अर्ध्यामुर्ध्या.
विदाने शेरा मारला: बनावट.
पंधरा दिवसांनी टपालाने बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत आली,
मूळ कागदाची एक कड जळालेली,
आणि खाली नातीच्या हातची ओळ:
‘ती होती. मी तिच्या मांडीवर झोपले आहे.’
तेव्हापासून विदा प्रत्येकाला
एक रात्र जास्तीची देते.

लेख लिहिणाऱ्याला तिने निरोप धाडला,
उत्तराची आशा न धरता.
पहाटे उत्तर आलं.
‘मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. पाय मोडला होता,
दोन महिने पलंगावर. माफ करा.
आता त्सेल्येत डेंटिस्ट आहे.
एक विचारू? त्याच्या कवितेच्या त्या चार ओळी
तेवढ्या ठेवता येतील का?’

डेंटिस्ट! विदा एकटीच हसली.
मग लिहिलं: ‘नाही. कळावे.’
चार ओळी मात्र तिने स्वयंपाकघरात
एकदा मोठ्याने वाचल्या.
जेंशियनच्या निळ्या फुलाबद्दल होत्या.
तिसरी ओळ चांगली होती.

सव्वासहाला अलोयझ प्रेलोग गेला.
ज्या ज्या पानांवर त्याचं नाव निळं होतं
तिथे ते लाल झालं.
वाफ्याच्या पाटीचं शाळेला कळवायचं राहिलंय.

आणि पोलिशमध्ये तो अजून शिल्लक आहे.
तिथे तर कुणीतरी
त्याला एक मुलगीही दिली आहे.
विदा चष्मा पुसते,
मुलीचं नाव वाचते.