पालथ्या होडीखाली

बर्फाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
कॉम्प्रेसरशेजारी बसून माझा डावा कान गेला,
म्हणून मी उजव्या कानाचा गायक.
तळाशीलच्या वाळूत एक होडी पालथी पडलीय,
धन्याने इंजिनवाली घेतली तेव्हापासून.
तिच्याखाली सरपटत जातो मी, पेटी पुढे ढकलत,
गुडघ्यांना शिव्या देत.
आत डांबराचा वास, एक-दोन कुर्ल्या,
आणि आवाज असा गोल राहतो
जसं मडक्यात तोंड घालून बोलावं.

फोन करवंटीत उभा करायचा.
इथे पंखा नाही, कुकर नाही, नातवंडांची मॅच नाही.
एक दोन तीन म्हणायचं, आणि सुरू.

बस्त्याव स्विंडनला, मुलाच्या गॅरेजात,
गाडीत बसतो काचा वर करून,
मांडीवर मेंडोलिन, अंगात दोन स्वेटर.
त्याच्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात,
माझ्याकडे कावळे.
सगळी उमर जहाजाच्या इंजिनात काढून
या माणसाचा कान शाबूत कसा, देव जाणे.
मागच्या खेपेला माझं ऐकून म्हणाला,
"पाठी सुकती आयकाक येता, मेल्या.
आपला गाणा भरतीचा. रातचा परत घे."
घेतलं. साडेअकराला, बॅटरी काखेत धरून.

शब्द द्रौपदी कुबलचे.
शाळेच्या गॅदरिंगपासून तिचेच.
मास्तरीण झाली, निवृत्त झाली, आता यवतमाळला लेकाकडे,
जिथे पाणी टँकरने येतं
तिथे बसून ती समुद्र लिहिते.
फोन तिच्या गलबताचं 'गलबला' करतो.
एकदा आम्ही तसंच ठेवलं.
'गलबला निघाला वेंगुर्ल्याला',
बस्त्यावने चाल इतकी झकास लावली
की आता बरोबर शब्दच चुकल्यासारखा वाटतो.

काळी दोनवरून आम्ही काळी एकला आलो,
यंदा पांढरी एक.
जिना उतरावा तसे,
कठडा धरून.

यंदाच्या गाण्यात रापण होती.
दोन दोर, दोन टोळ्या,
एकीची हाक दुसरीला पोचत नाही इतक्या लांब,
आणि जाळं एकच.
दुसऱ्या कडव्यात द्रौपदीने जागा सोडलेली.
खाली लिहिलेलं:
जाळ्याला वरच्या अंगाला बांधतात ते,
हलकं, लाकडाचं.
नाव येत नाहीये.

तिचा बाप ते तासत बसायचा.
आम्ही त्याची ढलपी पळवून गटारात शर्यती लावायचो.
मला नाव आठवत होतं.
बस्त्यावला तर आठवणारच.
फोनवर आम्ही दोघे पाऊण तास बोललो,
पेडव्यांच्या भावाबद्दल, त्याच्या बायपासबद्दल,
त्या शब्दाला वळसा घालून.
शेवटी मी म्हटलं, तिथे तू वाजव.

त्याने एकच तार छेडली.
पुढच्या ओळी खाली खाली गेल्या,
ती तेवढी वर तरंगत राहिली.

गाणं झालं. पाठवलं.
तिचा अंगठा आला.

मग अकरा दिवसांनी, भर दुपारी,
माझा हात कढीभातात असताना
फोन वाजला:
"भेंड."
एवढंच.
मी हात धुऊन येईतो आणखी एक:
"भेंड भेंड भेंड.
अप्पांच्या खळ्यात ढीग असायचा. आणि खाली शिसं!"

स्विंडनला सकाळचे साडेआठ असतील.
त्याचा फोन मी उचलला तो उजव्या कानाला.
पहिल्यांदा नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.
नंतर त्याने विचारलं,
"आज भरती किती वाजता रे?"