खिंडार

तिकीट वीस रुपये, शाळेच्या मुलांना पाच.
लुमाण्णा बोटानं मोजतो: अकरा डोकी.
"बाईंना फुकट," म्हणतो,
मग इकडंतिकडं बघून माझी पावती फाडतोच.
खाकी शर्टाची घडी अजून मोडलेली नाही.
चौथीत हाच माझ्यापुढं पळायचा
दप्तर डोक्यावर घेऊन खिंडारातून,
मलप्रभेच्या काठानं पडणारा
अर्ध्या कोसाचा वळसा वाचवत.

खिंडार आता नाही.
जांभ्याचे नवे चिरे, सुरीनं कापल्यासारख्या कडा,
मधून सिमेंटच्या करड्या रेघा,
बुरूज असा तुकतुकीत
की त्याच्यावर कुणी कधी डोळासुद्धा वटारला नसावा.

फलक दोन भाषांत आहे. माझी त्यात नाही.
मी चष्मा पुसत राहते,
काचेवर काही नसताना.
सातवीतली सृष्टी पुढं होते,
कानडी घडाघडा वाचते, मराठीत ओतत जाते
या तांब्यातून त्या तांब्यात, थेंब न सांडता:
"कंपनी सरकारच्या तोफांनी नऊ दिवस मारा केला.
दहाव्या दिवशी, बाई, इथं भिंत पडली."

अकरा माना वळतात.
इथं भिंत उभी आहे.

"मी विचारलंतं," लुमाण्णा सांगतो,
"कामावर होतो तवा. इंजिनेराला म्हटलं,
साहेब, तेवढं भोक ठेवूया काय?
तो म्हणाला, भोकाचं एस्टिमेट नाही.
भिंतीचं आहे."

जिंकणाऱ्यांनीसुद्धा ते बुजवलं नव्हतं.
राहू दे म्हणाले असतील, बघतील येता-जाता.
आत त्यांनी खजिना ठेवला, नंतर कैदी,
फार नंतर सोसायटीनं खताची पोती.
आणि आम्ही त्या पराभवाची पायवाट केली.
त्यातून शेरडं गेली, वरात गेली,
खानापूरच्या भट्टीवर कौलांची माती घेऊन गाढवं गेली,
एका पावसाळ्यात, खाटेवर, बाळंत होणारी माझी आई गेली.
वाटेत कुणी कुणाला विचारलं नाही
की ही भिंत कुणी पाडली.

पडलेले चिरे? ते गोठ्यांत, विहिरीच्या कठड्याला,
दोन आमच्या शाळेच्या पायरीला.
खात्याची जीप आली होती परत मागायला.
सरपंच म्हणाले, दगड? आमच्याकडं कसले दगड?
म्हणाले ते ज्यावर बसून, त्यावर
गवंड्याची जुनी खूण अजून आहे,
अर्धा चंद्र आणि एक रेघ.

"बाई," मागून शंभूचा आवाज.
हा पोरगा वर्गात कधी हात वर करत नाही.
"तवा आपण कुठले होतो? आतले की बाहेरले?"

मी इतिहास शिकवते, सत्तावीस वर्षं.
या प्रश्नाला मी घरात, बसमध्ये,
खानेसुमारीवाल्यासमोर
वेगवेगळी उत्तरं दिलेली आहेत.

लुमाण्णाच बोलतो, चाव्यांचा जुडगा खुळखुळवत:
"आत पण आपलीच माणसं, बाबा.
भाईर तोफ ओढणारी पण आपलीच.
पगार तेवढा येगळा."

पोरं हसतात. शंभू हसत नाही.
तो भिंतीला कान लावून उभा,
हाक मारली तरी हलेना.
"काय ऐकूलास रे?"
"काय नाही. गार आहे."

पाचला शिट्टी होते. आम्ही दारातून बाहेर,
भिंतीच्या कडेकडेनं, लांबचा वळसा घेत.
कोपऱ्यावर कुणाची तरी सात-आठ शेरडं
जिथं खिंडार होतं तिथं येऊन थांबलेली.
म्हातारी शेळी पुढं. ती चिऱ्याला नाक लावते,
मागं होते, पुन्हा लावते.
कळप तिच्याकडं बघत उभा आहे.

"चला," मी म्हणते.
शेरडांना, की पोरांना,
कुणीच हलत नाही.